श्री. व सौ. भावोजी

सुट्टीच्या कंपन्यांची भाषणं ऐकायला जाणं परवडतं का, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. सातपूरच्या आमच्या कारखान्यात, स्टोअर्स विभागात, मी या विषयातला जाणकार समजला जात असे. मी अशी तीन भाषणं ऐकली. पहिल्यात डिनर सेट मिळाला, दुसऱ्यात भिंतीवरचं घड्याळ आणि तिसऱ्यात महाबळेश्वरला तीन दिवस दोन रात्री राहण्याचं कूपन. डिनर सेट आणि घड्याळाबद्दल मी कारखान्यात सगळ्यांना सविस्तर सांगितलं. कूपनाबद्दल बोललो नाही. ते आता सांगतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. शतक संपत आलं होतं तेव्हा हे लोक नाशकात आले. थंड हवेच्या ठिकाणी एक खोली, ती वर्षातला एक आठवडा तुमची, अशी पंचवीस वर्षं. पैसे मात्र आज. याला टाइमशेअर म्हणत. प्रदर्शनात किंवा पेट्रोल पंपावर तुम्ही कधीतरी एक चिठ्ठी भरून डब्यात टाकलेली असायची. मग एके दिवशी घरी फोन यायचा. "सर, अभिनंदन!" तुमची चिठ्ठी निघालेली असायची. सगळ्यांचीच निघायची. बक्षीस घ्यायला रविवारी एखाद्या हॉटेलात जायचं आणि तीन तास ऐकून घ्यायचं. काही विकत घेतलंच पाहिजे असं नव्हतं. अट एकच. नवरा-बायकोने जोडीने यायचं, सत्यनारायणाला बसतात तसं. एकटा नवरा आला तर तो "घरी विचारून कळवतो" म्हणून सटकतो, एकटी बायको आली तर "यांना विचारते" म्हणते. दोघांना शेजारी बसवलं की विचारायला कोणी उरत नाही. अट घालणारा माणूस आपल्या लोकांना चांगला ओळखून होता.

पहिल्या भाषणाला मी बायकोला घेऊन गेलो. आमच्या टेबलावर टाय लावलेला एक तरुण होता. तो हिंदीतून मराठीकडे नुकताच निघालेला होता, अजून पोहोचला नव्हता.

"सर, साल में कितने वेळा फिरायला जाता?"

"दोनदा," मी म्हणालो. मला खोटं बोलता येत नाही, निदान पहिल्या दहा मिनिटांत तरी.

"व्हेरी गुड! कुठे?"

"एकदा वणीला, एकदा मनमाडला."

त्याने दोन्ही लिहून घेतलं. वणीला देवीदर्शन असतं हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो मनमाडवर आला. "मनमाड में रूम का व्ह्यू कैसा है, मॅडम?"

"यार्डाचा," बायको म्हणाली. "माझ्या वडिलांचं रेल्वेचं क्वार्टर यार्डाला अगदी लागून आहे. खिडकीतून शंटिंग दिसतं."

तीन तास तो घसा कोरडा करत राहिला. मी त्याच्याकडची कॉफी अर्धीच प्यायलो आणि दुसऱ्या टेबलावर कोणी सभासद झालं की सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. घ्यायचं तर काही नव्हतं, तेवढाच हातभार. घरी येताना डिनर सेटचं खोकं मांडीवर ठेवून मी बायकोला म्हणालो, "वाईट वाटतं गं त्या पोराचं."

"मग डिनर सेट परत देऊन या," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळीही ती आली, माझ्या आग्रहाखातर. घड्याळ घेतलं, आणि रिक्षात बसल्यावर तिने सांगून टाकलं की आता ती येणार नाही. आपल्याला घ्यायचं नाही हे आपल्याला आधीच माहीत असतं, त्यांना नसतं, आणि याला तिच्या शाळेत मुलांना फसवणूक म्हणून शिकवतात. बायको शिक्षिका होती. तिचं पटलं. पटलं म्हणून मी महिनाभर मनातल्या मनात स्वतःला बोलत राहिलो. मला अपराधी वाटायला वेळ लागत नाही. फक्त बरेचदा ते चुकीच्या माणसाबद्दल वाटतं, हे मला नंतर कळलं.

मग तिसरा फोन आला. महाबळेश्वर. आम्ही लग्नानंतर कुठेच गेलो नव्हतो, मुलांनी स्ट्रॉबेरी फक्त जॅमच्या बाटलीवर पाहिली होती. आणि नेमकी बायको मुलांना घेऊन मनमाडला गेलेली, सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. घरात मी आणि वहिनी.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही त्यांना सिडकोतल्या आमच्या घरी घेऊन आलो, असं मी लोकांना सांगत असे. खरं म्हणजे त्या आल्या आणि आमचं घर चालायला लागलं. स्वयंपाक, मुलांचे डबे, आणि दुपारी साड्यांना फॉल-पिको. त्यांच्या हाताखालून न गेलेली एकही साडी आमच्या इमारतीत नव्हती.

आम्ही सुधारलेली माणसं. कपाळ मोकळं ठेवा असं वहिनींना आमच्या घरात कोणी म्हटलं नव्हतं. चैत्रात बायको हळदीकुंकू करायची. चाळीसेक बायका यायच्या. आंब्याची डाळ आणि पन्हं वहिनी करायच्या, डाळीची तारीफ जिन्यापर्यंत ऐकू यायची, आणि वहिनी स्वयंपाकघरात असायच्या. बाहेर येऊ नका असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. या असंही सांगितलं नव्हतं.

त्यांना मी विचारलं ते जेवताना, ताटाकडे बघत. सगळं समजावून सांगितलं. त्या पोळी तव्यावर टाकून ऐकत होत्या.

"म्हणजे तीन तास तुमची बायको व्हायचं?"

"व्हायचं नाही वहिनी, नुसतं बसायचं. बोलायचं मी. एकच सांभाळा, मला भावोजी म्हणू नका. 'अहो' म्हणा."

"'अहो भावोजी' तर रोज म्हणतेच. पुढचा शब्द गिळायचा, एवढंच ना?" त्यांनी पोळी उलटली. "जेवण आहे का तिथे?"

"आहे."

"मग येते. दुसऱ्याच्या हातचं जेवून फार दिवस झाले."

बायकोला मनमाडला फोन करून विचारावं असं मला वाटलं. केला नाही. ती नको म्हणेल याची खात्री होती.

हॉटेल नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ होतं. मे महिन्याची दुपार. वहिनींनी फिकट निळी साडी नेसली होती. वरच्या हॉलच्या दारात आधीच्या दोन खेपांना नुसता गुलाब देत असत. या वेळी कंपनीने नाशकाचा अभ्यास केलेला दिसला. दारात नऊवारी नेसलेली मुलगी ताट घेऊन उभी, ताटात हळदीकुंकू, गजरे, पेढे. मी ते पाहिलं तेव्हा आमच्यापुढे एकच जोडपं होतं.

इथे काहीतरी बोलायला हवं होतं. निदान, "यांना नको," एवढं. पण तसं म्हटलं की ती मुलगी का म्हणून बघणार, आणि का याचं उत्तर एकच होतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला वहिनी आठवल्या नाहीत, कूपन आठवलं. मी माझं घड्याळ बघितलं.

मुलीने वहिनींच्या कपाळाला आधी हळद लावली, मग कुंकू, आणि गजरा पुढे केला. वहिनी हलल्या नाहीत. मग त्यांनी मान थोडी वळवली, तीच मुलगी गजरा माळून देईल अशी. तिने माळला. "छान दिसतोय, मॅडम," ती म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळली.

टेबल क्रमांक सात. नशीब असं की समोर तोच टाय लावलेला तरुण. मी चेहरा वळवून बसलो. पण त्याने मला ओळखलं नाही. रोज शंभर चेहरे बघणाऱ्याला माझ्यासारखा चेहरा काय लक्षात राहणार? मनमाडचं यार्ड मात्र लक्षात असेल, म्हणून या वेळी मी फक्त वणी सांगायचं ठरवलं. त्याने कोरा फॉर्म काढला, पेन उघडलं.

"शुभनाम, सर?"

आणि त्याच वेळी, वरच्या पंख्याने उडणारा पदर सावरत, वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, तो पंखा जरा कमी करायला सांगता का?"

तरुणाने मान डोलावली आणि फॉर्मवर लिहिलं. भावोजी.

"बहुत अच्छा नाम है, भावोजी सर. पंखा कम करो रे!"

वहिनींनी पदर तोंडाशी धरला. त्यांना खोकला आला असं तरुणाला वाटलं आणि त्याने पाणी मागवलं. पुढचे तीन तास मी भावोजी सर होतो आणि वहिनी मिसेस भावोजी. त्यांना आता काही गिळायची गरज उरली नव्हती. त्या बिनदिक्कत, दर वाक्याला, मला नेहमीच्याच नावाने हाक मारत होत्या. नवऱ्याला नावाने हाक मारणारी बाई म्हणून तरुणाचा आदर वाढत चालला होता.

बोलायचं मी, असं ठरलं होतं. पण त्याला माझ्यात काही रस नव्हता.

"मॅडम, रूम में फुल किचन है. गॅस, कुकर, मिक्सर, सब कुछ."

"करणार कोण?"

"आप, मॅडम! बिलकुल घर जैसा."

"घरासारखंच करायचं तर घर काय वाईट आहे?" वहिनी म्हणाल्या. "भांड्याला बाई मिळते का तिथे?"

त्याने कागद चाळले. कागदांत भांड्याची बाई नव्हती. मग त्याने पंचवीस वर्षांचा तक्ता काढला, दर वर्षी एक आठवडा, डोंगरांची रंगीत चित्रं. वहिनींनी तो हातात घेऊन शेवटपर्यंत वाचला. मी आजवर तो कधी वाचला नव्हता.

"पंचवीस वर्षं म्हणता. मधेच दोघांतला एक गेला तर?"

"ऐसा अशुभ क्यों बोलते हैं, मॅडम? आप तो सौभाग्यवती हैं."

मी टेबलावरच्या फुलदाणीकडे बघायला लागलो.

"तरी पण," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "उरलेल्या माणसाला एकट्याला येऊ देतात का?"

"एकट्याला..." तो अडला. "मॅडम, बुकिंग दो जनों का होता है. मॅनेजर से पूछता हूँ." तो गेला. मॅनेजर आला, तो आजच्यापुरत्या सवलतीबद्दल बोलला. एकट्याबद्दल बोलला नाही. वहिनींनी परत विचारलं नाही. त्यांनी जेवणाकडे लक्ष वळवलं, दोनदा पुलाव घेतला आणि गाजराचा हलवा कोणी केला अशी वेटरकडे चौकशी केली.

शेवटी माइकवरून पुकारा झाला. "टेबल नंबर सात, श्री. व सौ. भावोजी यांनी कूपन घ्यायला यावं." आजूबाजूच्या टेबलांवरची मराठी माणसं वळून बघू लागली. आम्ही उठून, जोडीने, कूपन घेतलं.

आता जे सांगायचं आहे ते रिक्षातलं. सिडकोत शिरेपर्यंत वहिनी बाहेर बघत होत्या, गजऱ्याचा वास रिक्षाभर होता. आमची गल्ली आली तसा मी अस्वस्थ झालो. जिन्यात कोणी भेटलं तर? गॅलरीतून कोणी पाहिलं तर? मी घसा साफ केला.

"वहिनी, ते... कपाळावरचं. वर जायच्या आधी..."

मी रुमालसुद्धा काढला होता. धुतलेला, घडीचा. तो पुढे करून बसलो होतो. पाच वर्षांपूर्वी ते पुसलं गेलं तेव्हा गावच्या म्हाताऱ्या होत्या, त्यांना मी मनातून कायम नावं ठेवत आलो. या वेळी मी होतो.

वहिनींनी रुमालाकडे पाहिलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "घाम आला की जाईल आपोआप."

रिक्षा थांबली. जिन्यात व्हायचं तेच झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दारातच गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी आधी कपाळ पाहिलं, मग गजरा, मग मला.

"अगंबाई! कुठे गेला होतात एवढं नटून?"

"द्वारकेच्या हॉटेलात," वहिनी म्हणाल्या. "भावोजी घेऊन गेले होते."

"हॉटेलात?"

"हो ना. तीन दिवस दोन रात्रींचं कूपन मिळालं. महाबळेश्वरचं." आणि त्या वर गेल्या.

काकूंचं सूप हवेत थांबलं होतं. मी खुलासा करायला लागलो, आणि जितका करत गेलो तितकं ते प्रकरण वाईट होत गेलं. वहिनींनी ते भोळेपणाने सांगितलं की मुद्दाम, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. वर गेलो तर त्या मशीनवर बसून पिको करत होत्या. गजरा डोक्यातच होता. कुंकू संध्याकाळपर्यंत तरी होतं. आमचं घर वाऱ्याचं आहे, घाम फारसा येत नाही.

बायको आल्यावर तिला सगळं काकूंकडूनच कळलं, सामान वर आणायच्या आधी. मला वाटलं भांडण होणार. तिने कूपन हातात घेतलं आणि वाचलं. कूपन श्री. व सौ. भावोजी यांच्या नावाचं होतं. ते दुसऱ्या कोणाला देता येणार नव्हतं, जाताना दोघांची ओळखपत्रं लागणार होती, मे महिना आणि दिवाळी चालणार नव्हती, जेवण वेगळं. बायको पलंगावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"या नावाचं रेशनकार्ड काढा आता," ती म्हणाली.

पण रात्री ती हसत नव्हती. वहिनींशी तिचं बोलणं झालं असावं. "तुम्ही रुमाल पुढे केलात?" एवढंच तिने विचारलं. मी हो म्हणालो. ती कूस बदलून झोपली.

पुढच्या चैत्रात, हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी, कैऱ्या किसत असलेल्या वहिनींना तिने माझ्यादेखत सांगितलं, "वहिनी, उद्या तुम्ही बाहेर बसायचं. माझ्याशेजारी. कोणाला काय म्हणायचंय ते म्हणू दे."

"नको गं," वहिनी म्हणाल्या.

"का? त्या हॉटेलात आवडलं होतं ना तुम्हाला?"

"आवडलं होतं. ती मुलगी ताट घेऊन उभी होती, समोर जी आली तिला लावत होती. तिने मला विचारलं नाही, की मी कोण, आणि चालेल का. तू आता विचारतेस. उद्या त्या चाळीस जणी मनात विचारतील. त्यात काय गंमत?" आणि त्यांनी कैरीची कोय बाजूला टाकली. "डाळीत साखर जरा जास्त घालते या वेळी. मागच्या वर्षी आंबट झाली होती."

त्या बसल्या नाहीत. मला वाटलं, आता हे असंच राहणार, आणि याला कारण मी.

पावसाळ्यात मी तापाने घरी होतो. दुपारी फोन वाजला, वहिनींनी घेतला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण पाठ होतं.

"हो का? चिठ्ठी निघाली? बरं झालं... हो, बक्षीस छान आहे... एकट्या बाईने आलं तर चालतं का?... नाही, मिस्टर नाहीत... बाहेरगावी नाहीत हो, नाहीतच... अच्छा. नाही चालत... नाही नाही, रागावले नाही. तुम्ही तरी काय करणार."

त्यांनी फोन ठेवला आणि माझ्या उशाशी पेज आणून ठेवली.

"त्यांच्या अटी आपल्या घरच्यासारख्याच आहेत, भावोजी," त्या म्हणाल्या. "जोडीशिवाय बाहेरच्या खोलीत घेत नाहीत."

मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. ताप होताच.

दोन दिवस मी माफीची वाक्यं जुळवत होतो. तिसऱ्या दिवशी बरा होऊन स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी रिक्षात मी जे..." त्या म्हणाल्या, "भावोजी, महाबळेश्वरला एसटी थेट जाते का पुण्याला बदलावी लागते?" मला वाटलं त्या विषय टाळतायत. त्या खरंच विचारत होत्या.

दिवाळीनंतर त्या गेल्या. फॉल-पिकोच्या तीन गिऱ्हाइकांना बरोबर घेऊन, स्वतःच्या शिलाईच्या पैशांनी, कंपनीच्या डोंगरावर नव्हे, बाजारातल्या एका लॉजमध्ये. मी पुण्यापर्यंत सोडायला येतो म्हणालो तर, "तुम्ही कशाला? तुम्हाला गाडी लागते," म्हणाल्या. हे खरं आहे.

तेव्हा परवडतं का, या प्रश्नाला माझं उत्तर असं की जेवण बरं असतं. घड्याळ अजून चालतं, दहा मिनिटं पुढे. बाकीचं मी ज्या चेहऱ्याने टाळतो त्यावरून लोक समजतात की मला तिथे फसवलं गेलं. मी ते खोडून काढत नाही, आणि तेही इथे कबूल करून टाकतो.

वहिनी चार दिवसांनी परत आल्या, चेहरा उन्हाने रापलेला. आम्ही सगळे त्यांच्याभोवती बसलो. मुलं स्ट्रॉबेरीच्या खोक्याला भिडली, मोसमाआधीच्या होत्या, आंबट. बायकोने विचारलं, त्रास नाही ना झाला? चार बायकाच तुम्ही.

"छे. पहिल्या दिवशी लॉजच्या मॅनेजरने विचारलं, सोबत पुरुष माणूस कोण? मी म्हटलं, येतायत मागून."

"मग?"

"मग काय, बिचारा रोज विचारायचा, आले का? मी म्हणायची, निघालेत. रोज संध्याकाळी दारात उभा राहून बघायचा हो वाट."

"आणि निघताना?"

"निघताना म्हटलं, आता राहू दे. त्यांना यायला जमेलसं दिसत नाही."